डावा कान राखून ठेवायचा का? नागपुरातलं एक प्रकरण

नागपुरातल्या एका यंत्रमाग कारागिराची ही हकिगत आहे. ओळख पटू नये म्हणून वस्ती आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तपासण्या, चर्चा आणि निर्णय जसे झाले त्याच क्रमाने मांडले आहेत. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे, धंतोलीत बसते. कानाच्या आतल्या पेशी पुन्हा उगवतील का, हा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. या कुटुंबाने तो पहिल्यांदा विचारला तेव्हा माझं उत्तर अपुरं होतं, आणि पुढचं बरंच काही त्यामुळे घडलं.

पार्श्वभूमी

काका आले तेव्हा 54 वर्षांचे होते. वडील हातमागावर नागपुरी लुगडी विणायचे. काकांच्या हाती यंत्रमाग आला. पाचपावलीच्या बाजूला एका गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत चार माग होते आणि त्या खडखडाटात त्यांची तीस वर्षं गेली. उंच पट्टीतलं ऐकणं तेव्हाच कमी झालेलं असणार, पण त्याची नोंद कुठेही नव्हती. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, खुणांनी बोलतात. ऐकू कमी आलं तरी तिथे काम अडत नाही, त्यामुळे तपासायला कोणी जात नाही.

2018 मध्ये त्यांना औषधांना दाद न देणारा टीबी झाला. त्या वेळच्या उपचारात कानामायसिनचं रोजचं इंजेक्शन असायचं. चौथ्या महिन्यात कानात शिट्टी वाजू लागली. त्यांनी उपचाराच्या ठिकाणी सांगितलं, तर अशक्तपणा आहे, कमी होईल, असं उत्तर मिळालं. इंजेक्शनं सुरू करण्याआधी कान तपासले नव्हते, मध्येही तपासले नाहीत. इंजेक्शनं संपली तोवर बायकोची हाक ऐकू येईनाशी झाली होती, आणि औषध थांबल्यावरही ऐकणं काही आठवडे उतरतच राहिलं. या गटातल्या औषधांचं तसंच असतं. ती आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशींत, म्हणजे केसपेशींत शिरतात आणि तिथे दीर्घकाळ रेंगाळतात.

टीबी पूर्ण बरा झाला. काका कायम म्हणतात, "जीव वाचला मॅडम, त्याचं काही म्हणणं नाही."

अडचण

ऑक्टोबर 2022 मध्ये मुलगा त्यांना घेऊन आला. उजव्या कानाची सरासरी 100 डेसिबलच्या आसपास, डाव्याची 90 च्या, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकूच येत नव्हते. बाजारातून घेतलेली दोन श्रवणयंत्रं होती, त्यांतून फक्त गलका वाढायचा. नीट बसवलेली, ताकदीची यंत्रं लावून मी 25 शब्दांची यादी वाचली. त्यांनी दोन शब्द बरोबर सांगितले. ओठ दिसत असले की निम्म्याहून अधिक समजायचं. काकू बोलण्याआधी त्यांच्या मनगटावर दोनदा बोट टेकवायच्या. काका मान वर करायचे, ओठांकडे पाहायचे, मग संभाषण सुरू व्हायचं. अंधार पडल्यावर, लाइट गेल्यावर घरात बोलणं बंद.

मुलगा हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला. वाचणारा, धडपड्या. त्याने विचारलं, "मॅडम, कोंबडीच्या कानातल्या पेशी परत येतात म्हणे. मग बाबांच्या काहून नाही येत?"

मी म्हणाले, "माणसात येत नाहीत. श्रवणयंत्र किंवा ऑपरेशन करून बसवायचा इम्प्लांट, दोनच रस्ते आहेत."

वाक्य खरं होतं. पण बाहेर रुग्ण खोळंबले होते आणि मी प्रश्नाला उत्तर न देता तो मिटवून टाकला. मुलाने वाचलेलं खोटं नव्हतं, आणि मी ते खोटं असल्यासारखं बोलले. ते गेले ते सहा आठवडे आलेच नाहीत. परत आले तेव्हा मुलाच्या हातात दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राचं माहितीपत्रक होतं: स्टेम सेलची (इतर पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं, साडेचार लाख रुपये, "कानातील मृत पेशींचे पुनरुज्जीवन".

कानात काय घडलं होतं

त्या दिवशी मी शेवटची वेळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. काकांना ऐकू येत नसल्याने सगळं कागदावर लिहून, चित्रं काढून समजावलं. तासभर लागला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात केसपेशींच्या ओळी असतात. आतल्या बाजूची एक ओळ मेंदूकडे आवाज पाठवते, बाहेरच्या तीन ओळी बारीक आवाज उचलून मोठा करतात. एका कानात सुमारे 15,000, त्यांतल्या आतल्या ओळीच्या साधारण साडेतीन हजार. काकांनी आकडा वाचून बोटाने पुन्हा दाखवला. "एवढेच?" हजारो धाग्यांचा ताणा रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला तो आकडा फार छोटा वाटला.

कानामायसिन केसपेशीच्या टोकावरच्या, आवाजाने उघडणाऱ्या दारांतूनच आत शिरतं आणि पेशीची ऊर्जाकेंद्रं बिघडवतं. शंखाच्या पायथ्याकडच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पेशी आधी जातात, मग हानी वर सरकत जाते. गोंगाटानेही पायथ्याकडच्याच पेशी आधी मरतात. काकांच्या कानात दोन्ही घाव एकाच जागी बसले होते.

केसपेशींच्या मध्येमध्ये आधारपेशी असतात. गर्भात दोघी एकाच मूळ पेशींपासून होतात. जिच्यात अ‍ॅटोह1 हे जनुक जोरात जागं होतं ती केसपेशी बनते. बनता बनता ती आपल्या पृष्ठभागावर एक खूण उभी करते. शेजारणीच्या पृष्ठभागावर नॉच नावाचं संदेश घेणारं प्रथिन असतं, त्याला ती खूण भिडते आणि शेजारणीतलं अ‍ॅटोह1 दबतं. म्हणजे केसपेशी शेजारणीला सतत सांगत असते की मी झाले, आता तू होऊ नकोस. म्हणूनच दोन केसपेशी एकमेकींना खेटून येत नाहीत.

मी एक गोल भरलेला, एक रिकामा, असं काढत गेले. काकांनी माझ्या हातातून पेन घेतला आणि गोलांखाली उभ्या रेघा ओढल्या.

"म्हणजे साध्या विणीसारखं. एक धागा वर, शेजारचा खाली. दोनी वर गेले तं आडवा धागा नेणारा धोटा कुठून जाईन?"

मग पेन तसाच धरून त्यांनी विचारलं, "मंग वरचा तुटला तं खालचा काहून येत नाही वर?"

या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. प्रयोगशाळांतले लोक गेली पस्तीस वर्षं याच्याशीच झुंजत आहेत.

पक्ष्यांत खालचा वर येतो. 1988 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी आले, कॉर्विन आणि कोटांश यांचा कोंबडीवरचा, रायल्स आणि रूबेल यांचा जपानी लाव्यावरचा. मोठ्या आवाजाने मारलेल्या केसपेशींच्या जागी नव्या आल्या होत्या. केसपेशी मरते, नॉचचा दाब उठतो, शेजारची आधारपेशी एकतर थेट केसपेशी बनते किंवा आधी विभागते आणि मग तिच्यातली एक बनते. पक्ष्याला पुन्हा ऐकू येतं.

सस्तन प्राण्यांत हा रस्ता अगदी सुरुवातीला उघडा असतो. नवजात उंदराच्या शंखात पहिल्या काही दिवसांत मेलेल्या पेशींच्या जागी थोड्या नव्या येतात. आठवडा उलटला की बंद. पी27 नावाचं प्रथिन विभाजनाला कुलूप घालतं. शिवाय वय वाढतं तसे अ‍ॅटोह1 जागं करणारे डीएनएचे भाग आधारपेशीत मिटून जातात. नॉचचा दाब उठला तरी आत हालचाल करायला कोणी जागं नसतं. माणसाचं बाळ तर आईच्या पोटातच ऐकू लागतं. उंदराचा तो पहिला आठवडा आपल्यात जन्माआधीच सरलेला असतो.

एक गोष्ट मला आजही चकित करते. तोल सांभाळणारा अवयव शंखाला लागूनच आहे, तिथेही केसपेशीच आहेत, आणि तिथे मात्र प्रौढ गिनीपिगमध्येही थोड्या नव्या पेशी येताना 1993 मध्ये दिसल्या. एकाच हाडात शेजारी-शेजारी दोन अवयव, एकात थोडी धुगधुगी आणि दुसऱ्यात काहीच नाही. मी हे कागदावर लिहिलं तेव्हा मुलगा म्हणाला, "मंग हे होऊ शकते ना, कधी ना कधी?" होऊ शकतं. पहिल्या भेटीत त्याला हेच ऐकायचं होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

पर्याय

पहिला, स्टेम सेल केंद्र. इथे मी मत न देता मुलाला तीन प्रश्न लिहून दिले आणि फोन करायला सांगितलं. हा उपचार क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदवला आहे का, असल्यास क्रमांक काय? नीतिमत्ता समितीची मंजुरी कोणाची? प्रयोग असेल तर पैसे कसले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तजनक पेशींचं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. मुलाने फोन केला. क्रमांक मिळाला नाही, "दोन दिवसांत बुकिंग केलं तर सवलत" मिळाली. माहितीपत्रक त्याने स्वतःच फाडलं. मी नको म्हटलं असतं तर कदाचित जपून ठेवलं असतं.

दुसरा, थांबणं. मुलाची सगळी आशा एफएक्स-322 या अमेरिकी औषधावर होती. त्यात दोन द्रव्यं होती. एक विंट हा संदेशमार्ग चेतवणारं आणि दुसरं मिटलेला डीएनए सैल करणारं व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड. कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात टोचायचं आणि आधारपेशींना जागं करायचं, ही कल्पना. 2021 मध्ये पहिल्या छोट्या चाचणीत काहींना शब्द अधिक कळल्याचं प्रसिद्ध झालं होतं. मोठ्या चाचणीचा निकाल यायचा होता. मुलगा म्हणाला, चार-पाच महिने थांबू.

या थांबण्याला माझा विरोध होता. ती चाचणी बऱ्यापैकी ऐकणं शिल्लक असलेल्यांसाठी होती. काकांसारख्यांच्या शंखात केसपेशी गेल्यावर हळूहळू आधारपेशींची रचनाही कोसळते आणि जागी सपाट अस्तर उरतं. ज्यांना जागं करायचं, त्याच कमी होत जातात. नव्या केसपेशी आल्याच, तरी त्या पूर्ण पक्व व्हायला हव्यात, आतल्या ओळीची आतली आणि बाहेरच्या ओळीची बाहेरची बनायला हवी, आणि प्रत्येकीला मज्जातंतूचा धागा पुन्हा जोडला जायला हवा. अ‍ॅटोह1 एकट्याने चेतवलं तर अर्धवट पेशी तयार होतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. 2013 मध्ये नॉच अडवणाऱ्या औषधाने गोंगाटाने बहिऱ्या झालेल्या प्रौढ उंदरांत काही केसपेशी आल्या आणि ऐकणं किंचित सुधारलं. त्याच धर्तीच्या औषधाची युरोपातली मानवी चाचणी पुढे सुरक्षित ठरली, पण ऐकण्यातल्या सुधारणेचा ठरवलेला निकष तिने गाठला नाही.

तिसरा, फक्त श्रवणयंत्र. 25 मध्ये दोन शब्द ही त्याची मर्यादा होती.

चौथा, कॉक्लियर इम्प्लांट. तो केसपेशींना वगळून थेट मज्जातंतूला विजेचे झटके देतो. केसपेशी मेल्या तरी मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या पेशी माणसात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून हे शक्य होतं. पण एकदा तार शंखात गेली की त्या कानातलं उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाण्याचा धोका असतो, आणि त्या तारेच्या जागेत उद्या पेशी उगवणं अधिक अवघड होईल, ही मुलाची भीती निराधार नव्हती. खर्च पाच लाखांच्या वर. काकांच्या वयासाठी आम्हांला कुठल्या योजनेत जागा मिळाली नाही.

निर्णय

फेब्रुवारी 2023 मध्ये एफएक्स-322 च्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. औषध आणि नुसतं द्रावण यांत फरक पडला नाही. कंपनीने ते काम थांबवलं. मुलाने रात्री साडेदहाला तो मजकूर पाठवला, सोबत एक शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं. तो वडिलांशिवाय आला आणि माझ्यासमोर रडला. इतके महिने त्याने घरी सगळ्यांना सांगितलं होतं, औषध येऊन राहिलं आहे.

त्याच भेटीत त्याने विचारलं, "एका कानात करू. डावा राखून ठेवला तं?"

हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण. होय म्हटलं तर मी पुन्हा त्या औषधाच्या आशेला खतपाणी घालणार होते. नाही म्हटलं तर पहिल्या भेटीची चूक पुन्हा केली असती. मी उत्तर असं दिलं: दोन्हींचा खर्च झेपणारा नाही, म्हणून एकच करायचा आहे. उजवा जास्त गेलेला आहे, तिथे गमावण्यासारखं कमी आहे. डाव्यात खर्जातलं थोडं ऐकणं आहे, ते यंत्रावर चालवू, इम्प्लांटला त्याची साथ होईल. म्हणजे डावा राखला जाणार, पण बंद करून कपाटात ठेवल्यासारखा नाही. त्यात यंत्र रोज घालायचं, जागेपणी सगळा वेळ. आवाज न पोचलेला कान आणि त्याच्यामागचा मेंदू दोघेही विसरत जातात.

काकांना हे कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ऑपरेशनला टीबीची अडचण आहे का, आणि मागाच्या खोलीत बसता येईल का. छातीच्या डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दिला. एमआरआय आणि सीटी स्कॅनमध्ये मज्जातंतू आणि शंख ठीक दिसले. न्यूमोकॉकलची लस दिली. पैशांसाठी दोन माग विकले, मुलींनी हातभार लावला. जुलैमध्ये उजव्या कानाची शस्त्रक्रिया झाली.

पुढे काय झालं

तीन आठवड्यांनी इम्प्लांटचं यंत्र चालू केलं. पहिला आवाज ऐकून काका घाबरले. "पत्र्याच्या डब्यात चिमण्या कोंडल्यावानी लागून राहिलं." मी आधीच सांगितलं होतं, तरी काकूंचा चेहरा उतरला. पहिला महिना असाच गेला. दुसऱ्या महिन्यात रोज संध्याकाळी नात पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायची, काका बोट ठेवून डोळ्यांनी त्याच ओळी धरायचे, मग पुस्तक मिटून ऐकायचे. मोठं श्रेय या वाचनाचं आहे. माझ्याकडची सत्रं आठवड्याला एक, नातीची सात.

सहा महिन्यांनी शांत खोलीत, माझे ओठ झाकून, ते दहापैकी आठ वाक्यं बरोबर सांगू लागले. मुलाशी फोनवर बोलू लागले. काकूंनी मनगटावर बोट टेकवणं सोडलेलं नाही. सवय आहे, म्हणाल्या.

जे जमलं नाही तेही लिहिते. भजन त्यांना अजून गोंगाट वाटतं, पेटी आणि माणसाचा आवाज वेगळे निघत नाहीत. लग्नाच्या पंगतीत एकाशी बोलतात, दोघांशी नाही. बडग्या-मारबतच्या मिरवणुकीत गेले आणि अर्ध्या रस्त्यातून परतले. मागाच्या खोलीत ते उजव्या कानाचं यंत्र काढून ठेवतात.

जानेवारी 2024 मध्ये मुलाचा पुन्हा संदेश आला. चीनमध्ये जन्मतः बहिऱ्या सहा मुलांना जनुक-उपचार दिला आणि पाच जणांना ऐकू येऊ लागलं, ही 'लॅन्सेट'मधली बातमी. या वेळी मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्या मुलांत ओटोफर्लिन या एकाच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं होतं. त्यांच्या केसपेशी जागेवर होत्या, फक्त मज्जातंतूला संदेश सोडता येत नव्हता. नीट जनुक पोचवलं आणि तो सुटू लागला. बाबांच्या कानात पेशीच नाहीत, जनुक पोचवायचं कुणाला? मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिथे माग आहे, धोटा नव्हता. आपल्याकडे मागच नाही."

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत मोठी गोष्ट माझ्याकडे येण्याच्या चार वर्षं आधीची. इंजेक्शन सुरू करण्याआधी एक ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) आणि नंतर दर महिन्याला एक, एवढं झालं असतं तर शिट्टी वाजू लागली तेव्हाच उंच पट्टीतली घसरण दिसली असती आणि औषध बदलण्याचा विचार झाला असता. आता टीबीच्या उपचारात बहुतेकांना गोळ्याच दिल्या जातात, कानामायसिन मागे पडलं आहे. पण त्याच गटातलं अमिकासिन इतर गंभीर संसर्गांत अजून सर्रास वापरलं जातं, लहान बाळांतही. तिथे पहिली तपासणी आजही राहून जाते, आणि हे लिहिताना मला राग येतो.

दुसरी चूक माझी. या औषधांनी कान लवकर जाण्याची प्रवृत्ती मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतल्या, एका जनुकीय बदलामुळे येऊ शकते आणि ती आईकडून येते. काकांच्या बहिणी आहेत, बहिणींना मुलं आहेत. त्यांच्या कुटुंबात आणखी कोणाला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झालं का, हे मी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं. विचारलं वर्षभराने. तपासणीत तो बदल सापडला नाही. सापडला असता, तर त्या वर्षभरात भाच्यांपैकी कोणाला ते इंजेक्शन मिळू शकलं असतं.

तिसरी, ती पहिली भेट. "माणसात येत नाहीत" हे वाक्य मी आता एकटं बोलत नाही. कोंबडीपासून सुरू करते, उंदराच्या पहिल्या आठवड्यावर येते, मग रुग्णाच्या स्वतःच्या ऐकण्याच्या आलेखावर. वीस मिनिटं जास्त जातात. त्या सहा आठवड्यांत साडेचार लाख गेले नाहीत, याचं श्रेय मला नाही. त्यांच्याकडे तेवढी रक्कम एकदम नव्हती, इतकंच.

इम्प्लांट ऑक्टोबर 2022 मध्येच सुचवून रेटायला हवा होता का, याचा मी अजून विचार करते. नऊ महिने गेले. पण चाचणीचा निकाल येण्याआधी शस्त्रक्रिया झाली असती, तर मुलगा ते यंत्र वडिलांच्या डोक्यावर रोज आनंदाने चढवू शकला असता, असं मला वाटत नाही.

काका वर्षातून दोनदा येतात. उजव्याचं मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटच्या आवाजाची जुळवणी, झाली की डाव्या कानाची तपासणी मागून घेतात. गेल्या वेळी त्यातल्या श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला होता, शिट्टी मारत होता, म्हणून नवं माप घेतलं. कानात गार लगदा भरून दहा मिनिटं तोंड न हलवता बसावं लागतं. ते बसले, आणि लगदा काढल्यावर आलेखाकडे बोट दाखवून म्हणाले, "डाव्याचं काय?"

"तिथेच आहे काका. 90."

"राहू द्या मंग तिथेच," म्हणाले, आणि पुढची तारीख कागदावर स्वतः लिहून घेतली.